ज्याची फांदी देता येत नाही

आमच्या बर्लिनच्या घरी येणारा पाहुणा टाकीसमोर उभा राहिला की आधी मासे मोजतो. मासे मोजकेच आहेत, त्यामुळे ते काम लवकर उरकतं. मग नजर खाली वाळूवर जाते आणि हमखास प्रश्न येतो, "हे लाल-हिरवं काय आहे? खरं आहे का?" खरं आहे, जिवंत आहे, झाड नसून प्रवाळ नावाचा प्राणी आहे. त्याला तोंड आहे, पोट आहे आणि बुडाशी त्यानं स्वतः बांधलेला चुन्याचा सांगाडा आहे. एवढं सांगून होईतो पाहुणा पुन्हा माशांकडे वळलेला असतो. माझ्या लेखी सगळं उलटं आहे. मासे हवेत, कारण त्यांच्या विष्ठेतून पाण्यात थोडं नायट्रेट येतं आणि प्रवाळाला ते लागतं. बाकी ही टाकी चालते ती वाळूवरच्या त्या एका प्राण्यासाठी.

त्याचं नाव ट्रॅकिफायलिया जॉफ्रॉयी. नाव १८२६ सालचं. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेबरोबर गेलेल्या साव्हीन्यी नावाच्या निसर्ग-अभ्यासकानं तिकडच्या समुद्रातल्या प्राण्यांची बारीकसारीक चित्रं तयार केली आणि पुढे त्याचे डोळे असे काही बिघडले की चित्रांसोबतचा मजकूर लिहिणं त्याला शक्य होईना. ते काम ऑदुँ या दुसऱ्या माणसाकडे गेलं, म्हणून आज शास्त्रीय नावापुढे ऑदुँचं नाव लागतं. डोळे गमावून बसलेल्याचं नाव तिथे नाही. ह्या प्राण्याकडे बघताना मला त्याची आठवण अधूनमधून येते, कारण यातलं सगळं काम शेवटी डोळ्यांचंच आहे.

प्रवाळ म्हटलं की लोकांना खडकावर फांद्या फुटलेलं रान आठवतं. ट्रॅकिफायलिया तसं नाही. लहानपणी ते एखाद्या शिंपल्याच्या तुकड्याला किंवा खड्याला चिकटलेलं असतं, मोठं झालं की सुटतं आणि उरलेलं आयुष्य गढूळ पाण्यात, मऊ तळावर मोकळं पडून काढतं. सांगाडा लांबट, मध्ये चिमटलेला, थेट डमरूसारखा, जेमतेम मुठीएवढा. छंदातली माणसं दगडी प्रवाळांचे ढोबळ दोन गट पाडतात, बारीक पॉलिपची, म्हणजे लहान तोंडांच्या प्राण्यांची, ती एसपीएस आणि मोठ्या पॉलिपची ती एलपीएस. शास्त्राला हे गट ठाऊक नाहीत, पण दुकानात आणि आमच्या छंदींच्या मंडळात हीच भाषा चालते. एलपीएसमध्येही जी विशेष मांसल, म्हणजे सायनरिना, अ‍ॅकॅन्थोफायलिया, लोबोफायलिया, होमोफायलिया आणि हे ट्रॅकिफायलिया, त्यांचा एक वेगळाच भक्तसंप्रदाय आहे. यातल्या होमोफायलियाला २०१६पर्यंत स्कोलिमिया म्हणत. शास्त्रज्ञांनी नाव बदललं, दुकानदारांनी अजून बदललेलं नाही.

सकाळी निळे दिवे लागले की तासाभरात सांगाड्यावरचं मांस फुगायला लागतं. कडा सांगाड्याच्या बाहेर ओघळतात, वाळूवर टेकतात आणि मुठीएवढा प्राणी पसाभर होतो. फुगतो तो समुद्राच्या पाण्यानं. तोंडावाटे पाणी आत घेऊन पोटाची पोकळी भरली जाते. म्हणजे आपण ज्या गुबगुबीत अंगावर भाळतो ते बहुतांशी पाणी, वर मांसाचा पातळ पापुद्रा. समुद्रात याच फुगण्याच्या जोरावर ही प्रवाळं अंगावर पडलेला गाळ झटकून टाकतात. पापुद्र्यात एकपेशीय शैवाल राहतं आणि त्यानं उजेडात बनवलेल्या साखरेवर प्राण्याचं बरंचसं भागतं. रंग मात्र शैवालाचा नव्हे, ते तपकिरी. हिरवा, लाल, केशरी ही प्राण्याची स्वतःची प्रथिनं आहेत, निळा प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगात परत देणारी. म्हणूनच दुकानात सगळीकडे गडद निळे दिवे असतात. त्याच प्रवाळावर साधा पांढरा दिवा लावला तर निम्मं गिऱ्हाईक मागे फिरेल. मी घेताना दिवा बदलायला सांगते. दुकानदार तोंड वाकडं करतो, पण बदलतो. पांढऱ्या उजेडात रंगापेक्षा कडा नीट दिसतात, आणि बघायच्या असतात त्या कडाच.

कारण दुखणं तिथून सुरू होतं. सांगाड्याला उभे पडदे असतात आणि त्यांच्या धारेवर दाते. फुगलेलं मांस या दात्यांवर पांघरलेलं असतं. पंपाचा झोत थेट अंगावर आला तर मांस दात्यांवर घासतं, फाटतं. झोत अगदीच नसला तर कचरा कडेला साचतो आणि तिथे कुजायला लागतं. पाणी हलतंय हे मांसाच्या कडांवरून कळावं, पण मांस फडफडू नये, एवढंच पाणी वाहायला हवं. हे सांगायला कुठला आकडा नाही. माझा पंप समोरच्या काचेवर आपटून परत येणारा प्रवाह वाळूपर्यंत पाठवतो, तो ह्याला मानवलाय. उजेडाचंही तसंच. फांद्या फुटणाऱ्या एसपीएस अ‍ॅक्रोपोराला लागतो त्याच्या चौथाईत हे खूश असतं. नवशिके दिवे कडक ठेवतात, मग प्रवाळ आक्रसतं, मग पाण्यात काहीतरी कमी पडलं असेल म्हणून ते बाटल्या ओतत बसतात.

फुगणं आणि आक्रसणं, एवढ्या दोनच शब्दांत हा प्राणी बोलतो, आणि तेही मोघम. खूप फुगला म्हणजे खूश, असं सरळ गणित नाही. उजेड कमी पडला तरी तो अंग ताणून पसरतो. आक्रसला म्हणजे आजारी, हेही नाही. कधी पोट साफ करत असतो. तोंडातून तपकिरी दोरे बाहेर येतात, जास्तीचं शैवाल टाकून देतो, आणि दुपारपर्यंत पूर्ववत. खरी धास्ती वेगळ्या खुणांची. सलग काही दिवस दिवे लागूनही अंग सांगाड्याला चिकटून राहिलं, पडद्यांचे दाते वरून मोजता येऊ लागले, किंवा कडेला नखाएवढा पांढरा सांगाडा उघडा पडला, तर मात्र बसून विचार करायचा. घाईनं काही करायचं नाही. पाणी तपासायचं, कोणाचा शेजार नडतोय का ते बघायचं, कोणी चोचतंय का ते बघायचं. सेंट्रोपायजी वंशाचे बुटके एंजलफिश दिसायला देखणे, पण मांसल प्रवाळाचे लचके तोडण्यात पटाईत. सगळेच तोडतात असं नाही, आणि तीच पंचाईत. वर्षभर साधूसारखा फिरणारा मासा एक दिवस चव घेऊन बघतो, आणि एकदा चव लागली की सोडत नाही. उचलण्याचाही नियम आहे. फुगलेलं प्रवाळ पाण्याबाहेर काढायचं नाही, आतल्या पाण्याच्या वजनानं मांस दात्यांवरून फाटतं. आधी हळूच पाणी ढवळून त्याला आक्रसू द्यायचं, मग खालून सांगाड्याला धरायचं.

पाण्याबद्दल मी फार बोलत नाही, कारण एकदा सुरू झाले की घरचे उठून जातात. थोडक्यात सांगते. बर्लिनचं नळाचं पाणी क्षारांनी जड, थेट वापरण्याच्या लायकीचं नाही. आरओचं पाणी करून त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ, तापमान २५ अंशांच्या आसपास, कॅल्शियम लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या जवळ, मॅग्नेशियम १३००च्या. यातलं काहीही आठवडाभर थोडं मागेपुढे झालं तरी आभाळ कोसळत नाही. नजर ठेवायची ती अल्कलतेवर. सांगाडा बांधायला लागणारं कार्बोनेट तिच्यातून येतं. ती मोजायचं एकक जर्मन अंश, डीकेएच, आणि अमेरिकेतले न् ऑस्ट्रेलियातलेही छंदी याच जर्मन अंशांत बोलतात. समुद्रात सातच्या आसपास असते, माझ्याकडे साडेआठ. कोणी आठ ठेवतं, कोणी नऊ, आणि त्यावरून मंडळात भांडणंही होतात, पण प्रवाळाला आकड्याचं फारसं सोयरसुतक नाही. आज साडेआठ, परवा अकरा, पुढच्या आठवड्यात सात, हे त्याला सोसत नाही. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी परीक्षानळीत थेंब मोजत निळ्याचं पिवळं होईपर्यंत उभं राहायचं. कंटाळवाणं काम आहे. मांसल प्रवाळाची निगा म्हणजे नव्वद टक्के हेच.

उन्हाळा हा वेगळा विषय. इथल्या जुन्या इमारतींत एसी नसतात आणि हल्ली जुलैत घर ३० अंशांच्या वर जातं. टाकीवर पंखा लावायचा, बाष्पीभवनानं पाणी दोन-तीन अंश उतरतं. मात्र पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणून तेवढं गोडं पाणी वरून भरत राहायचं. ३० अंशांवर बरेच दिवस गेले तर अंगातलं शैवाल निघून जातं, प्रवाळ पांढरं पडतं. समुद्रात आता हे दर काही वर्षांनी होतं, तिथे पंखा लावायला कोणी नाही.

खरी मजा रात्री. दिवे गेल्यावर तासाभरानं ट्रॅकिफायलियाचं अंग उतरतं आणि तोंडाभोवतीच्या भागातून पारदर्शक स्पर्शिका वर येतात, टोकाला पांढुरका ठिपका असलेल्या. हे जेवणाचं ताट मांडणं. पंप बंद करायचे, लांब नळीनं वितळवलेले मायसिस, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, एकेक करून त्या स्पर्शिकांवर सोडायचे. मायसिस म्हणजे काय ते आईला फोनवर समजावत होते तर ती म्हणाली, "अगं मग जवळा म्हण ना सरळ." शास्त्राच्या हिशेबात जवळा वेगळा, पण देवगडच्या बाईला कोण शिकवणार. जवळा स्पर्शिकांना चिकटतो, त्या आत वळतात, सगळं अंग पिशवीच्या तोंडासारखं मिटायला लागतं, आणि मधली चीर उघडते. तोंड इतकं मोठं असेल असं दिवसा कधी वाटत नाही. घास आत जायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. एवढ्यात लायस्माटा वंशाचा लाल-पांढरा कोळंबा दगडामागून येतो. तो सफाई कामगार म्हणून विकला जातो. प्रत्यक्षात तो प्रवाळाच्या अंगावर उभा राहतो, अर्धवट मिटलेल्या तोंडात दोन्ही चिमटे खुपसतो आणि पोटात गेलेला घास बाहेर ओढून काढतो. मी अर्ध्या कापलेल्या प्लास्टिकच्या बाटलीचा घुमट प्रवाळावर ठेवते. कोळंबा बाहेरून घिरट्या घालतो. आईला हा भाग फार आवडतो, ती व्हिडिओ कॉलवर त्याला शिव्या देते. आठवड्यातून दोनदा असं जेवण पुरे. उरलेल्या वेळी उजेड आणि पाणी.

घरात दगडी प्रवाळ जगवण्याचा उद्योग समजतो तेवढा नवा नाही. १८४६ साली अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्कीहून काही जिवंत मॅड्रेपोर लंडनला आणले. त्या काळी दगडी प्रवाळांना सर्रास असं म्हणत. प्रवासात ते एकमेकांवर आपटू नयेत म्हणून बाईंनी ते सुईदोऱ्यानं एका मोठ्या स्पंजाला टाचून बसवले. मांसाला धक्का लागता कामा नये हे कोणी न सांगता त्यांना कळलं होतं. त्यांचे यजमान वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत मोठ्या हुद्द्यावरचे पाद्री. समुद्राचं पाणी लंडनला रोज आणणार कुठून? म्हणून तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात ओतत राहायचं, हवा मिसळावी म्हणून. रोज अर्धा-पाऊण तास. हे काम अर्थातच बाईंनी केलं नाही, घरच्या मोलकरणीनं केलं. पुढच्या वर्षी समुद्री वनस्पती आणून पाण्यात ठेवल्या, प्रवाळं जगली, वाढली, आणि १८५९ साली त्यांच्या वाढीवरचा बाईंचा लेख छापून आला. विज्ञानाचे इतिहास त्यांना समुद्री मत्स्यालयाच्या पहिल्या मानकऱ्यांत धरतात, ते योग्यच आहे. माझ्या टाकीखाली मात्र रात्रंदिवस गुरगुरणारा पंप आहे आणि तो जे करतो ते त्या मोलकरणीचं काम आहे. महिन्याच्या शेवटी मी वीजबिल भरते, तिला काय मिळत होतं देव जाणे.

बाईंचं ते प्रवाळ थंड पाण्यातलं, अंगात शैवाल नसलेलं, एक प्राणी एक सांगाडा असं. उष्ण समुद्रातली, उजेडावर जगणारी प्रवाळं घरात वाढवणं जमायला पुढे सव्वाशे वर्षं गेली आणि त्यातलं मोठं काम माझ्या या शहरात झालं. जिवंत खडक (समुद्रातले सूक्ष्म जीव वसलेले दगड), फेसाळ पाण्यातून घाण खेचणारा स्किमर, कडक दिवे आणि चुन्याची निवळी. ही पद्धत जगभर बर्लिन पद्धत म्हणून ओळखली जाते. चुन्याच्या निवळीचा प्रचार पेटर विल्केन्स यांनी केला आणि १९८०च्या दशकात डीटरिश स्ट्यूबर या बर्लिनच्या हौशी माणसानं अ‍ॅक्रोपोरा नुसतं जगवलं नाही, वाढवून दाखवलं. वाढलं म्हणजे छाटावं लागलं, छाटलं म्हणजे फांद्या वाटाव्या लागल्या. त्यांच्या टाकीतल्या फांद्या हातोहात युरोपभर गेल्या. आमच्या मंडळातले एक निवृत्त ट्रामचालक आजोबा त्या वंशातली फांदी आपल्याकडे असल्याचं सांगतात. कागद कुठलाच नाही, पण त्यांच्याकडे दह्याच्या रिकाम्या डब्यात घालून दिलेली फांदी मी नाकारलेली नाही.

छंद म्हणून मला यातलं हेच पटतं. समुद्रातून एकदा काहीतरी आलं, पुढे चाळीस वर्षं ते घरोघर तुटत आणि वाढत राहिलं, समुद्राला पुन्हा हात लावावा लागला नाही. मांसल प्रवाळांपैकीही काहींची वाटणी होते. युफायलियाच्या फांद्या सुट्या करता येतात, ब्लास्टोमुसा आणि मायक्रोमुसाचे पॉलिप वेगळे कापून लावता येतात. पण जितकं प्रवाळ अधिक मांसल, एकटं, मोठ्या तोंडाचं, तितकं ते कापणं अवघड. सायनरिना म्हणजे एकच पॉलिप, अ‍ॅकॅन्थोफायलियाही तसंच. कापणार काय? ट्रॅकिफायलियाला दोन-तीन तोंडं असली तर काही जण करवतीनं मधून कापून बघतात, दोन्ही अर्धी जगलीच तर फोटो टाकतात, मेली तर टाकत नाहीत. त्यामुळे दुकानात दिसणारी ही प्रवाळं जवळजवळ सगळी थेट समुद्रातून उचललेली. इंडोनेशियात किंवा ऑस्ट्रेलियात कोणीतरी डुबी मारून वाळूवरून हातानं वेचलेली. सगळी दगडी प्रवाळं आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स कराराखाली येतात, निर्यातीला परवाना लागतो, कोटा असतो, इथे विकणाऱ्याला कायदेशीर उगमाचा पुरावा द्यावा लागतो. २०१८मध्ये इंडोनेशियानं निर्यात अचानक थांबवली तेव्हा इथल्या दुकानांतल्या वाळूच्या टाक्या ओस पडल्या आणि राहिलेल्यांच्या किमती चढल्या. आजोबा तेव्हा म्हणाले होते, बरं झालं. पुढे निर्यात सुरू झाली तेव्हा ते पहिल्या आठवड्यात दुकानात हजर होते. मीही होते.

म्हणजे सुटका नाहीच. फांदी दिली की आपण दाता होतो, समुद्राचं ऋण थोडं फिटल्यासारखं वाटतं. ट्रॅकिफायलिया ठेवणाऱ्याला तो दिलासा मिळत नाही. हा प्राणी आपल्यापासून पुढे कोणाकडे पसरणार नाही. फार तर आहे तसा अख्खा दुसऱ्याच्या हाती द्यायचा. नीट ठेवला तर तो पुष्कळ वर्षं जगतो, आणि जगवण्याखेरीज आपल्याला त्याच्यासाठी दुसरं काही करता येत नाही. म्हणून मला वाटतं, पहिल्या वर्षी हे घेऊच नये. आधी युफायलियाच्या फांदीवर हात बसू द्यावा. रंगाला भुलून तीन-तीन घेणाऱ्यांशी तर मी बोलतच नाही. निदान त्या संध्याकाळपुरती.

आमचं पुण्याला परतायचं घाटतंय. आईला वाटतं, टाकीही सामानाबरोबर येईल. येणार नाही. २००१ साली भारतानं सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातली, वाघ आहे त्याच रांगेत, आणि घरी ठेवणं म्हणजे त्या कायद्याशी गाठ. मला हा कायदा आवडतो. मालवणच्या सागरी अभयारण्यात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती, त्या गढूळ पाण्यात, पोराइट्स आणि टर्बिनेरिया ही दगडी प्रवाळं तग धरून आहेत. पावसाळ्यात नद्यांचा गाळ, उन्हाळ्यात तापलेलं पाणी, वर होड्यांची ये-जा, तरीही. ती घरोघर काचेत जाऊ लागली असती तर काय उरलं असतं ते सांगायला नको. आईला म्हटलं, "तुझ्या घरापासून दोन तासांवर आहेत, आपण स्नॉर्केल लावून बघायला जाऊ." ती म्हणाली, "मी वरून बघीन."

तर ट्रॅकिफायलियाला घर शोधायचंय. मासे आणि युफायलिया कोणीही नेईल, मंडळात नावंही लागलीत. ह्याच्यासाठी मला आजोबाच योग्य वाटतात. वाळू मऊ, झोत मंद, अल्कलता वर्षानुवर्षं एका रेषेत, आणि रात्री जवळा घालायला निवृत्त माणसाकडे वेळच वेळ. त्यांनी हो म्हटलंय. फक्त त्यांच्या टाकीत एक निळा-पिवळा सेंट्रोपायजी आहे, त्यांचा लाडका. तो कधीच कुणाला चोचत नाही, असं त्यांचं म्हणणं. आधी त्याला दुसऱ्या टाकीत हलवा, मग प्रवाळ आणते, असं मी सांगून ठेवलंय. गेल्या रविवारी गेले होते. अजून हलवलेला नाही.